नवा लॅपटॉप कामाला पुरेसा नसेल, तर पर्याय कसा निवडावा

ॲपलने २७ ऑक्टोबर २०१६ रोजी नवा मॅकबुक प्रो लॅपटॉप सादर केला, तेव्हा ज्यांची रोजीरोटी संगणकावर चालते अशा व्हिडिओ संकलकांनी, छायाचित्रकारांनी आणि प्रोग्रामरांनी उघडपणे नाराजी व्यक्त केली. टच बार म्हणजे कीबोर्डाच्या वरची स्पर्शाने चालणारी पडद्याची पट्टी असलेल्या मॉडेलांत एस्केप आणि फंक्शन कळांची रांग गेली होती, एसडी कार्डाची खाच, एचडीएमआय आणि जुने यूएसबी पोर्ट जाऊन हेडफोनची खाच सोडता केवळ यूएसबी-सी आकाराचे पोर्ट उरले होते, चुंबकाने चिकटणारा मॅगसेफ चार्जर बंद झाला होता आणि मेमरी (रॅम) १६ जीबीवरच थांबली होती. या सगळ्या तक्रारी खऱ्या होत्या, पण त्यांचे वजन सारखे नव्हते. म्हणून एखादे नवे यंत्र निराशा करते तेव्हा सर्वप्रथम एका कागदावर दोन रकाने आखावेत आणि खटकणारी प्रत्येक गोष्ट त्यांत वाटून लिहावी: खरेदीनंतर ज्यावर उपाय करता येईल ती पहिल्यात, आणि ज्यावर कधीच करता येणार नाही ती दुसऱ्यात.

२०१६ मध्ये सर्वाधिक ओरड पोर्टांविषयी झाली, आणि माझ्या मते त्यांची जागा पहिल्या रकान्यात होती. कार्ड रीडर, एखादी केबल आणि एक अडॅप्टर घेतले की काम सुरू होते. रोष पाहून ॲपलने स्वतःच त्या नोव्हेंबरमध्ये अडॅप्टरांच्या किमती काही काळासाठी उतरवल्या होत्या. अडॅप्टर घ्यायचाच असेल तर एक टेबलावर आणि एक पिशवीत असे दोन घ्यावेत, कारण चित्रीकरणाच्या ठिकाणी नेमका तोच घरी राहतो. एस्केप कळीवर तर फुकटचा उपाय होता: मॅकओएसच्या सेटिंगमध्ये कॅप्स लॉकला एस्केपचे काम देता येते. मात्र पोर्ट दिसायला सारखे असले तरी त्यांची क्षमता सारखी असतेच असे नाही. त्याच वर्षीच्या १३ इंची चार पोर्टांच्या मॉडेलमध्ये उजवीकडच्या दोन पोर्टांचा वेग डावीकडच्यांपेक्षा कमी होता, आणि हे जाहिरातीत नव्हे तर ॲपलच्या सपोर्ट पानावर कळत होते. अशी पाने शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

दुसऱ्या रकान्याकडे मात्र पुरेसा वेळ द्यावा. मेमरी मदरबोर्डावर झाळलेली असेल, तर आज घेतलेला आकडा त्या यंत्राच्या अखेरपर्यंत तोच राहतो. २०१६ मधील मर्यादेमागे एक कारण होते. त्या काळच्या इंटेल प्रोसेसरांसोबत कमी वीज खाणारी एलपीडीडीआर३ मेमरी १६ जीबीपर्यंतच वापरता येत होती, आणि ३२ जीबीसाठी जास्त वीज खाणारी डीडीआर४ घालावी लागली असती. ॲपलने यंत्र पातळ व हलके ठेवण्याला प्राधान्य दिले. १५ इंची मॉडेलची बॅटरी ९९.५ वॉट-तासांवरून ७६ वर आणली गेली. २०१८ मध्ये त्याच आकाराच्या मॉडेलला डीडीआर४ सह ३२ जीबीचा पर्याय मिळाला, तेव्हा बॅटरीही ८३.६ वॉट-तासांपर्यंत वाढवावी लागली.

आपल्याला किती मेमरी लागते, हे अंदाजाने न ठरवता मोजावे. आठवड्यातील सर्वांत जड प्रकल्प उघडावा, सोबत रोजची सर्व सॉफ्टवेअर चालू ठेवावीत, आणि अर्ध्या तासाने मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधील मेमरी प्रेशरचा आलेख व स्वॅपचा (मेमरी कमी पडल्याने डिस्कवर हलवलेल्या माहितीचा) आकडा, तर विंडोजवर टास्क मॅनेजरमधील कमिटेड हा (चालू सॉफ्टवेअरांना दिलेल्या एकूण मेमरीचा) आकडा पाहावा. आलेख हिरवाच राहत असेल, तर मेमरीची चर्चा कितीही रंगली तरी आपल्याला तिची अडचण नाही. तो वारंवार पिवळा किंवा लाल होत असेल, तर नव्या यंत्रात किमान दुप्पट मेमरी घ्यावी, आणि ती मिळत नसेल तर ते यंत्र आपल्यासाठी नाही असे समजावे.

कीबोर्डही याच रकान्यातला, आणि २०१६ मध्ये त्याची गंभीरता फार थोड्यांच्या लक्षात आली. बटरफ्लाय नावाच्या पातळ रचनेच्या कळा धुळीच्या कणाने अडकू लागल्या आणि जून २०१८ मध्ये ॲपलला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. या रचनेत एक कळ कायमची बिघडली तरी बॅटरीसकट वरचा संपूर्ण भाग बदलण्याची वेळ येत असे. म्हणून नव्या रचनेचा कीबोर्ड असलेले यंत्र पहिल्याच महिन्यात घेऊ नये, आणि एक सुटा भाग बदलायला किती खर्च येतो, हे सेवा केंद्रात आधी विचारून घ्यावे.

आता पर्याय. सर्वांत दुर्लक्षित पर्याय म्हणजे आधीचे मॉडेल. २०१५ चा १५ इंची मॅकबुक प्रो नव्यासोबत विक्रीला होता आणि त्यात एसडी खाच, एचडीएमआय, मॅगसेफ हे सगळे होते. दुसरा मार्ग प्रणाली बदलण्याचा, म्हणजे मॅक सोडून विंडोजकडे जाण्याचा. डेलच्या एक्सपीएस १५ मध्ये ३२ जीबीपर्यंत मेमरी आणि ती बदलण्याची सोय होती. लेनोवोच्या थिंकपॅड पी५० मध्ये ६४ जीबीपर्यंत मेमरी बसत होती, पण त्याचे वजन खांद्याला जाणवणारे होते. तिसरा मार्ग थांबण्याचा. ऑक्टोबर २०२१ च्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये एचडीएमआय, एसडी खाच व मॅगसेफ परत आले आणि टच बार गेला. पण त्यासाठी पाच वर्षे लागली, त्यामुळे जुने यंत्र रोज तासभर वाया घालवत असेल तर थांबणे परवडत नाही. आजच्या ॲपल यंत्रांतही मेमरी नंतर वाढवता येत नाही. कमी वीज खाणारी आणि तरीही बदलता येणारी एलपीकॅम२ मेमरी २०२४ च्या थिंकपॅड पी१ मध्ये आली आहे, आणि हा शब्द तांत्रिक माहितीत दिसला तर त्या यंत्राचा आवर्जून विचार करावा.

प्रणाली बदलण्याआधी आपल्या सॉफ्टवेअरची यादी करावी. व्हिडिओ संकलनाचे फायनल कट प्रो आणि संगीताचे लॉजिक प्रो विंडोजवर चालत नाहीत. जुने प्रकल्प पुन्हा उघडावे लागणार असतील, तर एवढ्या एका कारणाने निर्णय फिरू शकतो. मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क विंडोज आपणहून वाचत नाही, म्हणून फायली आधी एक्सफॅट या दोन्हीकडे चालणाऱ्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर घ्याव्यात. मराठी पुस्तके किंवा नियतकालिके मांडणाऱ्यांनी फॉन्टही तपासावेत. मॅकवरील कोहिनूर देवनागरी विंडोजमध्ये नसतो, तिथे निर्मला यूआय किंवा मंगल मिळतो, आणि फॉन्ट बदलला की ओळी तुटण्याची जागा व पानांची संख्याही बदलते. इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची कळमांडणी दोन्हीकडे असल्याने टंकलेखनाची सवय मात्र मोडत नाही.

नवे यंत्र आल्यावर जुने लगेच विकू नये. परताव्याची मुदत किती दिवसांची आहे हे बिलावर पाहून, त्या दिवसांत एक चालू प्रकल्प सुरुवातीपासून ग्राहकाच्या हाती देण्यापर्यंत नव्या यंत्रावर करावा, चार्जर न लावता एक संपूर्ण दिवस काढून पाहावा, आणि कागदावरचा दुसरा रकाना समोर ठेवून यंत्र ठेवायचे की परत करायचे ते ठरवावे.