घोट्याचं फ्रॅक्चर जुळलं, तरी जिना उतरताना टाच उचलली जाते? माझा अनुभव

लक्षण असं: प्लास्टर निघालेलं, एक्स-रेत हाड जुळलेलं, सपाट रस्त्यावर चाल ठीक. पण ठाणे स्टेशनच्या पुलावरून उतरताना मागच्या पायाची टाच लवकर सुटायची आणि घोट्याच्या पुढच्या बाजूला आवळल्यासारखं व्हायचं. गरम पाण्याचा शेक, क्रेप बँडेज, तलावपाळीला जास्तीच्या फेऱ्या. यातून मिळाली ती फक्त संध्याकाळची सूज. वैताग आला होता.

फिजिओने भिंतीशी मोजून दाखवलं. टाच जमिनीवर ठेवून गुडघा भिंतीला लावायचा; अंगठा भिंतीपासून किती लांब राहतो ते बघायचं. चांगल्या पायाला दहा सेंटिमीटर, मोडलेल्याला जेमतेम चार. म्हणजे अडचण ताकदीआधी सांध्याच्या वाकण्याची होती.

मग क्रम हा. आधी तीच भिंतीची हालचाल, दहा वेळा, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत. पाऊल आत कोसळू द्यायचं नाही, नाहीतर आकडा खोटा वाढतो. नंतर पोटरीचा ताण, पण गुडघा वाकवून, तीस सेकंद, तीनदा. सरळ गुडघ्याने खालचा स्नायू तितका ताणला जात नाही. मग ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलायच्या आणि टाचा खाली आणताना भार हळूहळू मोडलेल्या पायावर. शेवटी एका पायावर उभं राहणं. चालायला जायचं ते यानंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूज दिसली तर त्या दिवशी फक्त भिंतीची हालचाल. दोन्ही पायांतला फरक दीड सेंटिमीटरवर आला तेव्हा जिना उतरणं सोपं झालं. उपवनला धावणं अजून नाही. त्याआधी एका पायावर टाच पंचवीसदा उचलता यायला हवी, असं फिजिओचं म्हणणं. प्लेट-स्क्रू असतील तर सर्जनला विचारूनच सुरू करा.