अवकाशकथेत जैविक शस्त्र आणताय? या चुका टाळा

आमच्याकडे इंदूरला, राजेंद्र नगरात, दर रविवारी सकाळी आठ-दहा जण जमतात, लिहिलेलं वाचून दाखवतात, मग पोहे-जिलेबी होते आणि खरी चर्चा त्यानंतर सुरू होते. हल्ली अवकाशकथा लिहिणारी पोरं वाढली आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, ग्रहांची साम्राज्यं, बंडखोर, खडखडणारी जुनी जहाजं, सगळं मराठीत येतंय. पण दर दुसऱ्या कथेत एक व्हायरस सुटतो आणि दर वेळी चुका त्याच. तोंडी सांगून सांगून थकलो म्हणून आता लिहूनच टाकतो.

आजार इतका फास्ट की तो कुठे पोचूच शकत नाही

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. मागच्या पावसाळ्यात एक मुलगा नव्वद पानं घेऊन आला, हुशार मुलगा, भाषा सुंदर. साम्राज्याचा हेर खाणीच्या ग्रहावर विषाणू सोडतो, लागण झाली की माणूस तीन मिनिटांत खलास. पुढच्या प्रकरणात चार ग्रह ओसाड पडलेले. आणि बाराव्या पानावर त्यानेच लिहून ठेवलेलं की एका ग्रहावरून दुसऱ्यावर जायला चाळीस दिवस लागतात. आमच्यात एक काकू आहेत, बँकेतून रिटायर झालेल्या, विज्ञानाशी त्यांचा काही संबंध नाही, त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "अरे बाळा, तीन मिनिटांत मेलेला माणूस चाळीस दिवसांचा प्रवास करून पुढच्या गावी गेला कसा?" तो म्हणाला, जहाजातल्या हवेतून पसरला. काकू म्हणाल्या, "मग जहाज चालवत कोण होतं?"

त्याने घाई केली. घरी जाऊन जहाजं दोन तासांत पोचवली, झालं दुरुस्त. पण मग नायिका आईच्या निरोपाची चाळीस दिवस वाट बघते तो सगळा भाग, जो कथेतला सगळ्यात जिवंत भाग होता, तोच गेला. एक ठिगळ लावायला गेला आणि दुसरीकडे फाटलं. शॉर्टकट घेतला की असंच होतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. शेवटी चार महिने बसून त्याने जहाजं परत हळू केली आणि आजार बदलला, आधी बरेच दिवस काहीच कळत नाही असा केला. आणि मग काय सीन उभा राहिला! जहाजाच्या जेवणघरात साठ माणसं, कोणीतरी खोकतं, आणि साठच्या साठ चमचे थांबतात. तीन मिनिटांच्या मरणात असा सीन कुठून आणणार?

खऱ्या आजारांना वेळ लागतो, ते डोक्यात ठेवा. देवीमध्ये लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण 7 ते 19 दिवस जायचे. गोवराचा माणूस अंगावर पुरळ यायच्या चारेक दिवस आधीपासूनच दुसऱ्याला आजार देत असतो. या मधल्या दिवसांत तुमची अख्खी कादंबरी मावते.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे काही नाही. मी गेल्या वर्षीचं भिंतीवरचं कॅलेंडर घेतो. त्यात दुधाचे खाडे आणि सिलिंडरच्या तारखा लिहिलेल्या असतातच, त्यांच्यावरूनच निळ्या पेनाने जहाजं कुठे आहेत ते लिहितो आणि लाल पेनाने कोण कधी आजारी पडलं ते. ज्या चौकोनात लाल आधी आणि निळं नंतर येतं, म्हणजे जहाज पोचायच्या आधीच तिथे माणूस आजारी, तिथे कथा तुटलेली असते. कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात मला हे कधीच दिसलं नाही, कागदावर लगेच दिसतं.

एकच विषाणू माणसालाही मारतो, सरडेलोकांनाही आणि दगडी प्राण्यांनाही

ही चूक मीही केली होती. माझी आत्या महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकली, आयुष्य गुरं-कुत्र्यांवर उपचार करण्यात गेलं. माझी कथा वाचून म्हणाली, "पार्वो झालेलं पिल्लू मांडीवर घेऊन लोक रात्र रात्र बसतात रे. पिल्लू जातं, माणसाला काही होत नाही. पिल्लू तर आपल्याच पृथ्वीवरचं, आपल्यासारखंच दूध पिणारं, आणि तुझे सरडे दुसऱ्या सूर्याचे." विषाणूला स्वतःची यंत्रणा नसते, तो दुसऱ्याच्या पेशीतली यंत्रणा वापरून वाढतो, त्यामुळे ती यंत्रणा त्याला ओळखीची लागते. आजार उड्या मारतातच, 1994 मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूचा आजार सिंहांना लागला आणि हजारेक सिंह गेले, पण दोघंही मांसाहारी सस्तन, चुलत भाऊबंदच म्हणा.

तरी तुम्हाला दोन्ही जमाती मारायच्याच असतील तर मारा, पण मग कोणीतरी पात्राने विचारलंच पाहिजे की हे शक्य कसं झालं. उत्तर असं निघू शकतं की दोन्ही जमातींचे पूर्वज एक होते आणि हजार वर्षं हे लपवून ठेवलं होतं. मी माझी कथा अशीच दुरुस्त केली, आत्याच्या त्या एका वाक्यावर.

एका रात्रीत लस

नको. वाल्देमार हाफकिन हा जिवाणूशास्त्रज्ञ ऑक्टोबर 1896 मध्ये प्लेगच्या मुंबईत कामाला लागला आणि 10 जानेवारी 1897 ला त्याने प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. तीन महिने, आणि तो वेग अफाट मानला जातो. आणि लस सापडली म्हणजे कथा संपली असंही नाही. 1902 साली पंजाबात मुलकोवालला एका बाटलीतली लस टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने गेली, ठपका हाफकिनवर आला, नाव धुतलं जायला 1907 उजाडलं. तुमच्या जहाजावरच्या डॉक्टरीण बाईंना असं एखादं मुलकोवाल द्या, मग बघा ती किती खरी होते.

बाकीच्या पटापट सांगतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, ते जिवाणूंसाठी, निदान एवढं तरी तपासा. काळ्या शिरा आणि चमकणारे डोळे आता पुरे. शस्त्र सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सैन्य त्याच ग्रहावर राहायला गेलं, असं लिहू नका: स्कॉटलंडच्या ग्रुइनार्ड बेटावर 1942 मध्ये अँथ्रॅक्स या जीवघेण्या जिवाणूची शस्त्र म्हणून चाचणी केली, ते बेट सुरक्षित जाहीर व्हायला 1990 साल लागलं. अख्ख्या आकाशगंगेत या शस्त्रांविरुद्ध एकही कायदा नाही हेही पटत नाही, आपल्या एका ग्रहावर 1972 चा करार आहे, तो झुगारून कोणीतरी गुपचूप काम करतंय यात जास्त नाट्य आहे. क्वारंटाइन भोकं नसलेलं दाखवू नका, चंद्रावरून आलेल्या अपोलो 11 च्या तिघांना 21 दिवस कोंडून ठेवलं खरं, पण त्याआधी यानाचं दार समुद्रातच उघडलं होतं आणि आतली हवा बाहेर गेली होती. आणि शस्त्र कसं बनवलं याची कृती लिहू नका, खरी तर नाहीच आणि खोटीही नको. वाचकाला ती लागत नाही आणि चार पानांची प्रयोगशाळा म्हणजे लेखकाला माणसं सुचत नाहीत.

ग्रहावर फक्त शास्त्रज्ञ आणि सैनिक

यावर मी भांडतो. ज्या भाषेत आपण लिहितो त्या भाषेच्या लोकांनी साथ अंगावर झेललेली आहे आणि पोरं मात्र परदेशी सिरीयल बघून साथ लिहितात. 1897 च्या प्लेगमधलं पुणं वाचा. सोल्जर घरात शिरून तपासणी करतात, देवघरापर्यंत जातात, माणसांना उचलून छावणीत नेतात, आणि 22 जूनच्या रात्री चापेकर बंधू प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडतात. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई गेल्या, मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं होतं, त्यातून त्यांना प्लेग झाला. एकाच गावात, एकाच साथीत, एक माणूस बंदूक उचलतो आणि एक बाई पोराला उचलते. तुमच्या साम्राज्याच्या ग्रहावर या दोन्ही गोष्टी नसतील तर तिथे कोणी राहतच नाही.

आणि इंदूरच्या पोरांनी तर लांब जायचीसुद्धा गरज नाही. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार होळकरांच्या बोलावण्यावरून इंदूरचा नगर आराखडा करायला आला होता, त्याचा रिपोर्ट 1918 चा आहे. शहरात प्लेग, लोक साहेबाला घाबरलेले. तर त्याने दिवाळीला एक मोठी मिरवणूक काढवली आणि आधीच सांगून टाकलं की ज्या रस्त्यावरची घरं जास्त झाडून-पुसून दुरुस्त होतील त्या रस्त्याने मिरवणूक जाईल. गल्ल्याच्या गल्ल्या कामाला लागल्या. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा प्रचंड पुतळा होता, तो शेवटी जाळला. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांतून चालत गेलो आणि प्रत्येक ओट्याकडे बघत राहिलो, इथे कोणीतरी त्या दिवाळीत उंदराची बिळं बुजवली असतील.

कथा अडकली की मी हेच करतो. शस्त्र बाजूला ठेवतो, त्या ग्रहावरची एक गल्ली घेतो आणि विचारतो, इथे पाणी कोण भरतं, मेलेल्याला कोण उचलतं, दार कोण उघडत नाही. पोरं म्हणतात, काका याला फार वेळ लागतो, आम्हाला तीन भागांची मालिका दिवाळीआधी संपवायची आहे. एक भाग लिहा, नीट लिहा. त्या नव्वद पानांच्या मुलाने मागच्या रविवारी नवा मसुदा आणला, आता एकशे चाळीस पानं आहेत, व्हायरसचं नाव पहिल्यांदा येतं ते पन्नासाव्या पानावर, आणि त्याआधी जहाजाचा आचारी एक रिकामं ताट रोज धुवून जागेवर ठेवतो, कोणाचं ते सांगत नाही. काकूंनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या, "पुढचं वाच."