चिनी जेडची कुऱ्हाड घेताय? आधी भोक बघा

ऑनलाइन लिलावात ‘पाच हजार वर्षांपूर्वीची चिनी जेडची कुऱ्हाड’ आठ-दहा हजारांत दिसली की हात शिवशिवतात. माझेही शिवशिवले होते, त्याची गोष्ट पुढे येईलच. एक मात्र आधीच ठरवून टाका: समोरची वस्तू नवी आहे असंच धरून चालायचं, आणि ती जुनी असल्याचे पुरावे विकणाऱ्यानं द्यायचे.

सुरुवात खऱ्या वस्तूंपासून करा. या कुऱ्हाडीला चिनी भाषेत ‘युए’ म्हणतात. सर्वांत देखण्या युए ल्यांगझू संस्कृतीतल्या, म्हणजे इ.स.पू. ३३०० ते २३०० या काळातल्या, आजच्या हांगझोऊ शहराच्या परिसरातल्या. तिथल्या फानशान टेकाडावर १९८६ मध्ये १२ क्रमांकाची कबर उघडली, तेव्हा तिच्यात जी युए मिळाली ती जेमतेम १७.९ सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटरहून पातळ आहे. हिनं लाकूड फोडायचं नव्हतं, अधिकार मिरवायचा होता. बऱ्याच युएंना धारसुद्धा लावलेली नसते. ‘राजा’ या अर्थाचं चिनी अक्षर कुऱ्हाडीच्या आकारावरूनच आलं, असं अनेक अभ्यासक मानतात. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर अशा वस्तूंचे मोठे फोटो असतात. ते तासन्‌तास बघा. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या टाटांच्या संग्रहात चिनी जेडकाम आहे. काचेआडून का होईना, या दगडात उजेड कसा मुरतो ते बघून या.

आता भोकाकडे. कुऱ्हाड दांड्याला बांधण्यासाठी पात्याच्या वरच्या भागात भोक असतं, आणि माझ्या मते अख्ख्या वस्तूत सगळ्यांत जास्त बोलतं ते हेच. जेड या नावानं दोन वेगळे दगड विकले जातात, नेफ्राइट आणि जेडाइट. प्राचीन चिनी जेड म्हणजे मुख्यतः नेफ्राइट. त्याचा कठीणपणा खनिजांसाठीच्या १ ते १० च्या मोह्स मोजपट्टीवर ६ ते ६.५, त्यामुळे ते छिन्नीनं कोरता येत नाही, घासूनच झिजवावं लागतं. कारागीर पोकळ नळी ओल्या वाळूवर फिरवत बसायचे. काम वाळूतली गारगोटी करायची, कारण तिचा कठीणपणा ७. जाड पात्याला अर्धं भोक एका बाजूनं आणि अर्धं दुसऱ्या बाजूनं पाडलेलं असतं. दोन्ही अर्धी मधोमध तंतोतंत जुळत नाहीत, आत बारीक पायरी राहते. तोंडाशी भोक रुंद, मध्ये अरुंद. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा, दहापट भिंगातून बघा, टूथपिक आतून हळूच फिरवा. पायरी असेल तर ती अडखळते. भोक पाइपसारखं सरळसोट आणि आतल्या रेघा एकसारख्या असतील, तर ते यंत्राचं काम. पण पायरी सापडली म्हणून लगेच नाचू नका, हुशार नकलाकार तीही करतात.

पुढचं काम स्वयंपाकघरात. माझी ‘कुऱ्हाड’ मी परदेशातल्या एका बाजारातून आणली होती. विक्रेत्यानं समोर सुरी घासून दाखवली, चरा उठला नाही. सुरी बोथट होती, हे मला घरी आल्यावर कळलं. मग भाजी मोजायच्या काट्यावर वजन केलं: ३१२ ग्रॅम. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दगड दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही असा धरला. आकडा आला १२०. ३१२ भागिले १२० म्हणजे २.६. नेफ्राइटची घनता साधारण २.९ ते ३.१ असते, तेव्हा माझा दगड बहुधा सर्पेंटाइन, म्हणजे जेडसारखा दिसणारा पण मऊ दगड. उत्तर ३.३ च्या आसपास आलं तर जेडाइटचा संशय घ्या. ते चीनमध्ये ब्रह्मदेशातून मोठ्या प्रमाणावर यायला लागलं अठराव्या शतकात. अर्थात घनता बरोबर आली म्हणून काम जुनं ठरत नाही, दगड खरा आणि कोरीवकाम गेल्या वर्षीचं असं सर्रास असतं. आणि कबरीतला शेंदरी हिंगूळ किंवा माती चिकटलेली वस्तू चुकूनही पाण्यात घालू नका.

पांढरटपणावर तर मुळीच भाळू नका. जमिनीत राहून जेड पांढरं पडतं हे खरं, चिनी जाणकार त्याला कोंबडीच्या हाडाचा रंग म्हणतात. पण भट्टी आणि आम्ल वापरूनही तो रंग आणता येतो.

राहिले कागद, आणि इथे बहुतेक सौदे मोडायलाच हवेत. चीनमध्ये जमिनीखाली सापडलेली पुरावस्तू सरकारची असते. १९११ पूर्वीच्या वस्तू देशाबाहेर न्यायला २००७ पासून मनाई आहे. तांग काळापर्यंतच्या, म्हणजे दहाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या, चिनी पुरावस्तूंच्या आयातीवर अमेरिकेनं २००९ पासून निर्बंध घातले आहेत. म्हणून ‘आजोबांच्या संग्रहातली’ एवढं उत्तर पुरत नाही. जुनं लिलावाचं कॅटलॉग, तारखेची पावती, जुना फोटो, काहीतरी मागा. पुरावस्तूंचा चोरटा व्यापार रोखण्यासाठीच्या १९७० च्या युनेस्को कराराआधीचा कागद असेल तर उत्तम. भारतात आणायची असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आपल्या १९७२ च्या कायद्यात येतात, आणि पुरावस्तू परत देशाबाहेर नेणं खासगी माणसाला जमत नाही.

कागद नाहीत पण आकार आवडलाय? मग नवी प्रत नवी म्हणूनच, नव्याच्या भावात घ्या. ती कपाटात आडवी, मऊ कापडावर ठेवा. दुकानदार सांगतो म्हणून तेल चोळू नका, आणि भोकातून तार ओवून भिंतीवर टांगू नका. पातळ पातं पडलं की तुकडे होतात.