घरी शिकून पुढे जाताना: वेग कुठे मिळतो, कुठे अडतो

माझं शालेय शिक्षण पूर्ण घरी झालं आणि मी पदवीच्या वर्गात बसले तेव्हा माझ्या वयाची मुलं अजून शाळेत होती. हे सांगितलं की ऐकणारा दोनपैकी एक निष्कर्ष काढून मोकळा होतो: पोरगी अफाट हुशार असणार, नाहीतर आईवडिलांनी तिचं बालपण खाल्लं असणार. दोन्हींत फारसं तथ्य नाही. घरी शिकणाऱ्याला वेग मिळतो तो मुख्यतः थांबावं लागत नाही म्हणून. हजेरी, वर्ग शांत व्हायची वाट, इतरांचं लिहून होईपर्यंत बसून राहणं, कळलेलंच पुन्हा ऐकणं हे सगळं वजा करा. लहान वयात रोजचे दोन-तीन तास नेटाने केले तरी पुरतात.

पण हा वेग सगळ्या विषयांत सारखा नसतो. "कितवीत आहेस?" या प्रश्नाला माझ्याकडे कधीच एक उत्तर नव्हतं. गणितात वयाच्या बरीच पुढे, विज्ञानात थोडी पुढे, निबंधात वयाइतकीच, आणि लिहिण्याच्या गतीत चक्क मागे. गणितात मागची पायरी पक्की असली की पुढचीवर चढायला वय आड येत नाही. साहित्याचं, इतिहासाचं तसं नाही. दहा वर्षांच्या मुलीला कादंबरीतलं एकेक वाक्य कळतं, पण दोन माणसांमधला अबोला का सुरू झाला ते कळत नाही. तो कळायला अभ्यासक्रम नाही, वर्षंच जावी लागतात. त्यामुळे अख्खी इयत्ता ओलांडण्याच्या मागे लागू नका, विषयागणिक पुढे जा. एका विषयात पदवीच्या तोंडाशी आणि दुसऱ्यात सातवीला, असं चित्र दिसलं तर घाबरायचं कारण नाही.

काय सोडून द्यायचं हे कसं ठरवायचं? मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात तेज असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्यांनी कॉलेजप्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेला बसवलं. त्यांच्या पद्धतीचा गाभा साधा होता: आधी चाचणी घ्या, काय येत नाही ते शोधा आणि तेवढंच शिकवा. घरी हे सहज जमतं. धडा उघडण्याआधी त्याच्या शेवटचा स्वाध्याय सोडवायचा, जिथे अडेल तेवढाच भाग शिकायचा आणि काही आठवड्यांनी वेगळ्या प्रश्नांवर पुन्हा तपासायचा. ही शेवटची तपासणी गाळू नका, वेगाच्या नादात पहिली गाळली जाते ती हीच. आणि पेपर शक्यतो घराबाहेरच्या कुणाकडून तपासून घ्या. ज्याने शिकवलं त्याला मुलीला काय म्हणायचंय ते आधीच माहीत असतं, त्यामुळे अर्धवट उत्तरालाही तो उदारपणे गुण देतो. परीक्षक इतका मायाळू नसतो.

विषय येणं आणि तो येतो हे कागदावर दाखवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. माझ्या मते घरी शिकणाऱ्यांची खरी चाल हे दुसरं काम ठरवतं. केंब्रिजच्या आयजीसीएसई, म्हणजे साधारण दहावीच्या पातळीच्या, परीक्षांना बहिःस्थ बसता येतं, पण नोंदणी एखाद्या मान्य केंद्रामार्फत करावी लागते आणि प्रत्येक केंद्र बाहेरचे विद्यार्थी घेत नाही. अर्जाची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते, तेव्हा केंद्र आधी शोधा, पुस्तकं मागाहून घ्या. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात प्रत्यक्ष प्रयोगाऐवजी प्रयोगांवरचा लेखी पेपर देण्याचा पर्याय आहे, घरी शिकणाऱ्यांसाठी तो मोठाच आधार. पुढे ए लेव्हलच्या (साधारण बारावीच्या पातळीच्या) पहिल्या टप्प्यात मात्र याच विषयांना प्रयोगशाळेत उभं राहून परीक्षा द्यावी लागते. प्रयोगशाळा कुठून आणणार, हा विचार दोन वर्षं आधी केलेला बरा.

वयाच्या अटींचंही तसंच. भारताच्या एनआयओएस या मुक्त शिक्षणाच्या मंडळात दहावीच्या प्रवेशाला १४ वर्षं पूर्ण लागतात आणि बारावीच्या प्रवेशाला १५. वैद्यकीय शिक्षणासाठीच्या नीटला प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण हवीत. म्हणजे ज्याला डॉक्टर व्हायचंय त्याने बाराव्या वर्षी जीवशास्त्र संपवून काही लवकर साधत नाही. जर्मनीत तर शाळेत जाणंच सक्तीचं आहे, तिथे ही वाट जवळजवळ बंद. आधी नियम वाचा, मग वेग ठरवा.

एक अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट: घरी सगळं तोंडी किंवा कीबोर्डवर चालतं आणि हाताला सलग तीन तास लिहायची सवयच राहत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, पेनाने सोडवा. 'सांगा', 'स्पष्ट करा' आणि 'मूल्यमापन करा' यांना वेगवेगळे गुण असतात. शाळेतल्या मुलांना हे वर्षानुवर्षं ऐकून पाठ असतं, आपल्याला ते मुद्दाम शिकावं लागतं.

वाचलेला वेळ कुठे घालवायचा यावर मात्र माझं मत ठाम आहे: वरच्या इयत्तेत कमी, आडव्या दिशेला जास्त. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल वडिलांकडे घरीच शिकला, तीन वर्षांचा असताना ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, आणि १८२६ मध्ये, विशीत, खोल निराशेत गेला. त्यातून सावरताना त्याला कवितेचा आधार वाटला, असं त्यानेच लिहून ठेवलंय. उलट संगणकशास्त्रज्ञ एरिक डिमेन. वडिलांबरोबर भटकत घरी शिकला, बाराव्या वर्षी कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात गेला आणि २००१ मध्ये विसाव्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाला. कागदाच्या घड्या हा त्याच्या संशोधनाचा विषय आहे. कुठल्याही शाळेने हा विषय वेळापत्रकात घातला नसता. दोन माणसांवरून नियम निघत नाही हे मान्य, पण पुढच्या वर्गाची घाई झाली की मला ही दोघं आठवतात.

मित्र कसे मिळतात? जसे सगळ्यांना मिळतात तसे, फक्त गणिताचे वेगळे आणि खेळायचे वेगळे.

विद्यापीठात गेल्यावर अभ्यास कमी जड जातो, बाकीचंच जास्त. फॉर्मवर सही पालकांची लागते, रात्रीच्या मुक्कामाच्या सहलीला परवानगीपत्र लागतं, गटात काम करताना आपलं म्हणणं कुणी मनावर घ्यायला काही आठवडे जातात. तयारी आधीपासून करा: कुठलं पुस्तक, कुठला अभ्यासक्रम, कधी संपला याची तारीखवार वही ठेवा. आईवडील सोडून निदान एका शिक्षकाशी इतका संपर्क ठेवा की तो शिफारसपत्रात तुमच्याबद्दल नेमकं काही लिहू शकेल. आणि अर्ज करण्याआधी प्रवेश कार्यालयाला वय, प्रमाणपत्रं आणि प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल लेखी विचारा. फोनवरचं "चालेल हो" प्रवेशाच्या दिवशी कुणालाच आठवत नाही, ईमेल मात्र छापून समोर ठेवता येतो.