फेडोरावर आवाज येतो, चित्र नाही: एचईव्हीसीचा बंदोबस्त

सदाशिव पेठेतल्या एका क्लासच्या संगणकांवर फेडोरा ही लिनक्स प्रणाली आहे. आयफोनवर टिपलेली लेक्चरं लावली की आवाज यायचा, पडदा काळाच. फाईल खराब नव्हती. फाईलची माहिती सांगणाऱ्या एफएफप्रोबने व्हिडिओ एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत), आवाज एएसी दाखवला. एचईव्हीसीवर पेटंटं आहेत, म्हणून फेडोरा एफएफएमपेगची (व्हिडिओ-आवाज उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरची) एचईव्हीसी वगळून छाटलेली ‘एफएफएमपेग-फ्री’ आवृत्ती देतं. एफएफएमपेगचा कोड खुला असला तरी पेटंटची परवानगी त्यात येत नाही, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो.

‘आरपीएम फ्यूजन’ हा फेडोराबाहेरचा पॅकेज-साठा; त्याची फ्री रेपॉझिटरी जोडली. मग डीएनएफ या फेडोराच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या ‘स्वॅप’ने एफएफएमपेग-फ्री काढून पूर्ण एफएफएमपेग बसवलं. सोबत ‘अलाऊ-इरेझिंग’ हा पर्याय द्यायचाच, नाहीतर जुनी लायब्ररी आडवी येते. चित्र आलं, पण प्रोसेसर तापायला लागला, कारण उलगडायचं काम तोच करत होता. ते ग्राफिक्स कार्डाकडे द्यायला एएमडी कार्डावर मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरचं ‘फ्रीवर्ल्ड’ व्हीए पॅकेज लागतं. कार्ड काय उलगडू शकतं ते सांगणाऱ्या व्हीएइन्फोच्या यादीत एचईव्हीसी मेन दिसलं की झालं. मेसा अपडेट अडकलं तर जबरदस्ती नको, फेडोरा आणि आरपीएम फ्यूजन दोन्हीकडच्या आवृत्त्या जुळेपर्यंत थांबा.

सिस्को कंपनीच्या ओपनएच२६४ या कोडेकची इथे मदत नाही. सिस्को पेटंटची फी भरते ती फक्त स्वतः वाटलेल्या बायनरीची, आणि तीही एच२६४ या जुन्या पद्धतीपुरतीच.

विद्यार्थ्यांना द्यायच्या प्रती एव्ही१ या रॉयल्टीमुक्त पद्धतीत केल्या. एन्कोडिंग सावकाश होतं, रात्री लावून ठेवलेलं बरं.