मृग, दसरा, पाडवा: कोल्हापुरात स्पोर्ट मोटारसायकल सांभाळताना

तीनशे ते चारशे सीसीची स्पोर्ट मोटारसायकल घेतली की तिच्यासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगचे वेळापत्रक किलोमीटरमध्ये छापलेले असते. ते पाळायलाच हवे. परंतु कोल्हापूर जिल्ह्यात फिरणाऱ्या गाडीला किलोमीटरइतकेच ऋतूही झिजवतात. जून ते सप्टेंबर गगनबावडा आणि राधानगरीकडचा पाऊस व जांभ्याचा लाल चिखल, त्यानंतर गळीत हंगामातील ऊस, पाचट आणि रस्त्यावर आलेली शेतातली माती, आणि शेवटी मार्च ते मेमधील ऊन, असे हे चक्र आहे. म्हणून गाडी कितीही कमी चाललेली असो, मृगापूर्वी, दसऱ्याला आणि पाडव्याच्या सुमारास अशी वर्षातून तीनदा ती मुद्दाम तपासावी, असे माझे ठाम मत आहे.

गाडी अजून घ्यायची असेल, तर ३५० सीसीची सीमारेषा आधी समजून घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के, तर त्यापुढच्या मोटारसायकलींवर ४० टक्के जीएसटी आहे, आणि तृतीय पक्ष विम्याचा हप्ताही याच रेषेवर बदलतो. ३१२ सीसीची अपाची आरआर ३१० किंवा २९६ सीसीची निन्जा ३०० आणि २०२३ मध्ये ३९८ सीसीचे इंजिन घेऊन आलेली ट्रायम्फ स्पीड ४०० यांची तुलना करताना केवळ ताकदीचे आकडे पाहू नयेत. चेन किट, टायरची जोडी आणि ब्रेक पॅड यांच्या किमती शोरूममध्येच विचारून घ्याव्यात, कारण या वर्गातील मागचा टायर साध्या दीडशे सीसी गाडीच्या टायरपेक्षा महाग असतो आणि लवकर झिजतो.

नव्या गाडीच्या पहिल्या हजार किलोमीटरमध्ये पुस्तिकेत दिलेली आरपीएमची मर्यादा ओलांडू नये आणि पुण्याच्या महामार्गावर एकाच वेगात तासन्‌तास गाडी पळवू नये. पहिली सर्व्हिसिंग पुढे ढकलू नये, कारण नव्या भागांच्या घर्षणातून सुटलेला धातूचा बारीक कीस त्या पहिल्या ऑइलमध्ये साचलेला असतो.

घरी स्वतः करण्याच्या कामांत सर्वांत महत्त्वाचे काम चेनचे आहे, आणि आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्षही त्याच्याकडेच होते. कोरड्या दिवसांत साधारण पाचशे किलोमीटरला, आणि पावसात लांबचा प्रवास झाला की त्याच संध्याकाळी, चेन स्वच्छ करून वंगण द्यावे. गाडी पॅडॉक स्टँडवर, म्हणजे मागचे चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर घ्यावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवावी आणि चाक हातानेच फिरवावे. इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये चाक फिरत असताना फडक्याने चेन पुसण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती अत्यंत धोकादायक आहे, कारण फडके चेनमध्ये अडकले की बोट स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चक्राच्या, दात्यांत ओढले जाते आणि हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

या गाड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक जोडाला रबराच्या बारीक रिंगा असतात आणि आतले ग्रीस त्या रिंगांमुळेच टिकून राहते. म्हणून तारेचा ब्रश आणि पेट्रोल दोन्ही टाळावे. चेन क्लीनर किंवा रॉकेल आणि मऊ ब्रश पुरेसा होतो. लाल चिखल वाळण्यापूर्वीच धुऊन काढावा, कारण वाळलेला चिखल वंगणाशी मिसळला की त्याचा पॉलिश पेपर होतो. चेन पूर्ण कोरडी झाल्यावर खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने वंगण सोडावे, म्हणजे चाक फिरताना ते आपोआप बाहेरच्या बाजूकडे पसरते, आणि त्यानंतर शक्य असल्यास रात्रभर गाडी तशीच राहू द्यावी. इंजिनातून काढलेले जुने काळे ऑइल चेनला कधीही लावू नये.

वंगण दिल्यावर ताण पाहावा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक हळूहळू फिरवत, खालचा पट्टा बोटाने वर-खाली करत गेल्यास एका जागी ती इतर जागांपेक्षा घट्ट लागते. मोजमाप त्या घट्ट जागी घ्यावे आणि पुस्तिकेत दिलेल्या मिलिमीटरइतकीच ढील ठेवावी. ढिली चेन आवाज करते म्हणून ती लगेच लक्षात येते, पण फार ताणलेली चेन निमूटपणे गिअरबॉक्सच्या शाफ्टचे आणि चाकाचे बेअरिंग खात राहते. चालक बसला आणि मागे माणूस बसला की सस्पेन्शन दबून ती आणखी ताणली जाते. ताण बदलताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, हे पाहावे आणि मागच्या अॅक्सलचा नट टॉर्क पान्यानेच, म्हणजे किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने, आवळावा. शेवटी मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन धरून मागे ओढावी. दात्याचा अर्धा भाग उघडा पडत असेल, किंवा दाते एका बाजूला वाकड्या आकड्यासारखे झिजलेले दिसत असतील, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावेत. जुन्या दात्यांवर नवी चेन टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

इंजिन ऑइल घेताना डब्यावर १०डब्ल्यू-४० किंवा पुस्तिकेत सांगितलेला जो दर्जा असेल तो पाहावाच, पण त्यासोबत जासो एमए२ ही खूण शोधावी. मोटारसायकलीचा क्लच याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि मोटारगाडीच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असल्यामुळे क्लच सटकू लागतो. ऑइलची पातळी गाडी साइड स्टँडवर तिरकी असताना कळत नाही. गाडी सरळ उभी धरून इंजिनावरच्या काचेतून ती पाहावी. कूलंटमध्ये नळाचे पाणी मिसळू नये, आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये.

मृगापूर्वीच्या तपासणीत टायर आणि ब्रेक यांना पहिला मान आहे. टायरच्या खाचांच्या तळाशी झीज दाखवणारे लहान उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग त्यांच्या बरोबरीला आला असेल तर पावसाळा त्याच टायरवर काढण्याचा विचार करू नये. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीखही असते: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हवा टायर थंड असताना, सकाळीच भरावी आणि पुस्तिकेइतकीच भरावी. ‘थोडी जादा टाकू का?’ असे हवा भरणारा प्रेमाने विचारतो, तेव्हा नको म्हणावे, कारण जादा हवेने ओल्या रस्त्यावरची पकड कमी होते.

ब्रेक ऑइल, म्हणजे या गाड्यांत बहुधा डॉट ४ दर्जाचे, हवेतील ओलावा शोषून घेते. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी प्रमाणित किमान मर्यादा केवळ १५५ अंश आहे. करूळ किंवा फोंडा घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला की उष्णता ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपर्यंत पोहोचते, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर एकाएकी मऊ लागू लागतो. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, त्याच्या छोट्या टाकीच्या काचेतून ते चहासारखे तपकिरी दिसू लागले तर त्याआधीच बदलावे, आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा. १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. ते चाक लॉक होऊ देत नाही, हे खरे. पण आंबा घाटात वळणावर साचलेल्या शेवाळावर किंवा ओल्या पानांवर गाडी तिरकी असताना जोरात ब्रेक लावला, तर त्याचा आधार मर्यादितच असतो.

पुराविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ च्या पुरांत पाणी किती वेगाने वस्तीत शिरते हे शहराने पाहिलेले आहे. नदी किंवा नाल्याजवळ राहणाऱ्यांनी पाणी इशारा पातळीकडे सरकू लागताच गाडी उंचावरच्या नातेवाइकांकडे नेऊन लावावी. धोका पातळीची वाट पाहू नये. तरीही गाडी बुडालीच, तर एकच नियम कटाक्षाने पाळावा: बटण दाबून ती सुरू करून पाहू नये, किल्लीसुद्धा फिरवू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरले की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांत भागणारे काम पूर्ण इंजिन खोलण्यावर जाते. प्रथम पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावे, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी आणि गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्यावी. तिथे स्पार्क प्लग काढून सिलिंडर रिकामा करणे, एअर फिल्टर बदलणे, ऑइल, कूलंट व टाकीतले पेट्रोल काढून टाकणे आणि वायरिंगचा प्रत्येक जोड सोडवून वाळवणे, ही कामे याच क्रमाने होतील असे सांगावे. काढलेले ऑइल दुधाळ दिसले तर पाणी आत गेलेले आहे, आणि अशा वेळी नवे ऑइल थोडे चालवून पुन्हा एकदा बदलावे लागते. सर्वसमावेशक विम्यात पुराचे नुकसान येते. परंतु बुडालेले इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेले नुकसान इंजिन संरक्षणाचे जादा कलम नसल्यास बहुधा नाकारले जाते. हे कलम पुरापूर्वीच घ्यावे.

दसऱ्याची तपासणी पावसाने केलेले नुकसान शोधण्यासाठी असते. खंडेनवमीसाठी गाडी धुताना प्रेशर पंपाचा झोत चाकांच्या बेअरिंगवर, हँडलच्या मुळाशी, चेनवर आणि रेडिएटरच्या पातळ पात्यांवर जवळून मारू नये. पाती वाकली की हवा आत जात नाही. झेंडूची माळ बांधल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे आणि पूजा झाली की निघण्यापूर्वी ती काढून ठेवावी.

त्यानंतर लगेच गळीत हंगाम सुरू होतो. या महिन्यांत रात्रीच्या प्रवासाला माझा स्पष्ट विरोध आहे, विशेषतः कागल, शिरोळ आणि करवीरच्या आतल्या रस्त्यांवर. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरच्या मागे अनेकदा दिवा नसतो, बाहेर आलेला ऊस शेवटच्या क्षणी दिसतो, आणि शेतातून रस्त्यावर आलेली ओली माती किंवा चिरडलेला ऊस यांवरून पुढचे चाक सहज घसरते. ट्रॉलीला ओलांडताना दोन ट्रॅक्टरांच्या मधल्या जागेत शिरू नये. धूळ आणि पाचटाचे तुकडे एअर फिल्टर व रेडिएटर यांत अडकतात, त्यामुळे या काळात दोन्ही दर महिन्याला पाहावेत.

याच उसातून निघणारे इथेनॉल आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत, म्हणून अशा गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या दर दसऱ्याला तपासून घ्याव्यात. इथेनॉल ओलावा ओढते, त्यामुळे पावसाळ्यात गाडी आठवड्यांमागून आठवडे अर्ध्या टाकीने उभी ठेवू नये.

पाडव्याच्या तपासणीला फारसा वेळ लागत नाही. कूलंटची पातळी आणि बॅटरी पाहावी. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाब असेल तर ती पूर्ण चार्ज आहे. व्हीनस कॉर्नरसारख्या ठिकाणी दुपारच्या गर्दीत रेडिएटरचा पंखा सुरू होणे स्वाभाविक आहे. तो सुरूच होत नसेल, तर मात्र गाडी थांबवावी.

उद्यमनगरासारखी जागा हाकेच्या अंतरावर असणे हे कोल्हापूरच्या चालकाचे भाग्य आहे. पॅडॉक स्टँड वेल्डिंग करून घेणे, खराब झालेल्या आट्यांची दुरुस्ती, अडकलेला बोल्ट काढणे अशी कामे तिथले कारागीर उत्तम करतात. परंतु अपघातात वाकलेला फोर्कचा पाइप किंवा अॅलॉय व्हील सरळ करून पुन्हा बसवू नये. बाहेरून सरळ दिसणाऱ्या धातूतली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, आणि पुढचे चाक ज्या भागावर उभे आहे तिथे काटकसर करू नये.

जुनी गाडी घेताना सीटखालच्या वायरिंगच्या जोडांत वाळलेला गाळ किंवा हिरवट गंज आहे का, ते आधी पाहावे; पुरात बुडालेली गाडी तिथेच ओळखू येते. इंजिन थंड असतानाच गाडी बघायला जावे, म्हणजे पहिल्या सुरुवातीचा आवाज आणि धूर लपवता येत नाही. निपाणी किंवा बेळगावची गाडी स्वस्त मिळाली, तरी तिथल्या आरटीओचे नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा रस्ता कर आणि एमएच ०९ क्रमांकाची नोंदणी यांचा खर्च हिशेबात धरावा. नमुना २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या, तसेच गाडीवर कर्ज असल्यास बँकेच्या सहीचा नमुना ३५, हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.