फ्री एजंटची बेस प्राइस कशी ठरवावी

ऑनलाइन फुटबॉल मॅनेजर लीगमध्ये, म्हणजे जिथं प्रत्येक जण गेममधली एक टीम चालवतो तिथं, फ्री एजंट (कुठल्याच टीमशी करार नसलेले खेळाडू) लिलावाला काढायचे म्हटलं की बेस प्राइसबद्दल, म्हणजे बोली जिथून सुरू होते त्या किमतीबद्दल, दोन सल्ले हमखास मिळतात. ‘गेम जी व्हॅल्यू दाखवतो तीच लाव’ हा एक, आणि ‘एक रुपयापासून सुरू कर, बाजार बघून घेईल’ हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत. मी दोन्ही पाळून बघितलेत आणि त्यात आमच्या लीगचा एकेक सीझन वाया गेलाय.

आमची लीग बारा जणांची, सगळे कोल्हापूरचे. कोण पाटाकडीलचा, कोण खंडोबाचा, कोण दिलबहारचा; या इथल्या तालमी, म्हणजे फुटबॉलचे संघ. हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की कोण कुठली तालीम सोडून कुठं गेला यावर कट्ट्यावर रात्र जागवणारी ही माणसं. यांच्यासमोर एक खेळाडू चुकीच्या भावाला गेला तर तो विषय पुढचा सीझन संपेपर्यंत निघत राहतो. म्हणून लीगचा अ‍ॅडमिन या नात्यानं मला हे काम नीट शिकावं लागलं.

आधी यादी करा: नाव, वय, पोझिशन, रेटिंग, आठवड्याचा पगार, करार किती आठवड्यांचा. जखमी खेळाडू बरा होईपर्यंत यादीत घेऊ नका. इथवर काही अवघड नाही.

अवघड आहे ते पुढचं, आधार म्हणून कुठला आकडा धरायचा. मी पहिल्या सीझनला गेमची व्हॅल्यू धरली. ती रेटिंगवरून निघते. तुमच्या लीगमध्ये कुणाच्या खिशात किती पैसे उरलेत, हे तिला ठाऊक नसतं. तेहतीस वर्षांचा एक स्ट्रायकर मी ४० लाखांना लावला. रेटिंग झकास, पण तीन आठवडे एकही बोली आली नाही. पुढच्या सीझनला चिडून सगळ्यांना एक रुपया लावला. एकोणीस वर्षांचा गोलकीपर पहाटे चारला संपणाऱ्या लिलावात २ लाखांना गेला, आणि घेणाऱ्यानं तो दुसऱ्या दिवशी २० लाखांना विकला. त्या आठवड्यात दोघांनी लीग सोडली. त्यांचा राग रास्त होता.

तेव्हा आकडा तुमच्याच लीगच्या सौद्यांतून काढायचा. त्याच पोझिशनचे, वयात एखाद्या वर्षाचा आणि रेटिंगमध्ये दोनेक गुणांचा फरक असलेले, गेल्या चार आठवड्यांत प्रत्यक्ष विकले गेलेले खेळाडू घ्या. लावलेली किंमत मोजू नका, पैसे हातात पडलेला सौदा तेवढाच मोजा. चार आठवड्यांपेक्षा मागं जाऊ नका, कारण बक्षिसाचे पैसे वाटले गेले की सगळ्यांचे भाव एकदम चढतात आणि जुने आकडे निकामी होतात. दोस्तादोस्तांत नाममात्र पैशात झालेली अदलाबदल तर सरळ वगळा. तो भाव नसतो.

समजा, चोवीस वर्षांच्या डिफेंडरचे सात सौदे सापडले: १८, १९, २१, २२, २४, २६ आणि ६० लाख. सरासरी काढली तर २७ लाखांच्या वर जाते, म्हणजे सातपैकी सहा सौद्यांपेक्षा जास्त. तो ६० लाखांचा सौदा दोघांच्या इर्षेतून झालेला असतो. इर्षा कोल्हापूरला नवी नाही, पण तिच्यावर भाव ठरवायचा नाही. आकडे चढत्या क्रमानं लावा आणि मधला घ्या. इथं तो २२ लाख. मी सरासरी कधीच वापरत नाही, तुम्हीही वापरू नका.

आता पगार. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझा तो स्ट्रायकर इथंच अडकला होता. फ्री एजंट म्हणजे फुकटचा खेळाडू, असं मनात बसलेलं असतं. खऱ्या फुटबॉलमध्ये १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयानं बॉस्मन खटल्याचा निकाल दिला आणि युरोपियन युनियनमधल्या खेळाडूंना करार संपल्यावर ट्रान्सफर फीशिवाय, म्हणजे जुन्या क्लबला पैसे न मोजता, क्लब बदलता येऊ लागला. पण वाचलेली फी क्लबच्या तिजोरीतच राहते असं नाही. तिचा मोठा हिस्सा पगारात आणि सही करतानाच्या रकमेत खेळाडूकडे जातो. २०१४ ला लेवांडोव्स्की डॉर्टमुंडमधून बायर्नला गेला, २०२१ ला मेस्सी बार्सिलोनातून पॅरिसला गेला. फी शून्य होती, पण पगार मोठाच होता. गेममध्येही हिशोब तोच.

वरचे सात डिफेंडर आठवड्याला सुमारे ४० हजार घेतात आणि तुमचा फ्री एजंट ७० हजार मागतो, असं धरा. करार बारा आठवड्यांचा. फरक ३० हजार, बारा आठवड्यांचे ३ लाख ६० हजार. ते २२ लाखांतून वजा केले की उरले १८ लाख ४० हजार. ही त्याची खरी किंमत. पगार कमी असेल तर फरक तसाच मिळवा. वजाबाकी शून्याखाली गेली तर लीगमधली सर्वांत कमी बोली लावा आणि मनाला लावून घेऊ नका. चांगल्या रेटिंगच्या म्हाताऱ्या खेळाडूंचं असं बऱ्याचदा होतं.

या खऱ्या किमतीच्या साठ टक्के बेस प्राइस ठेवा, म्हणजे इथं ११ लाख. पूर्ण किंमत लावली तर दुसरा हात वरच होत नाही. मार्केट यार्डात गुळाचा सौदा उभं राहून बघा. भाव चढतो तो दोन व्यापारी एकमेकांकडं बघायला लागल्यावर. खालून सुरुवात झाली की माणसं जमतात.

साठ टक्के मात्र डोळे झाकून लावू नका. त्या पोझिशनची गरज असलेल्या आणि तेवढे पैसे बाळगून असलेल्या टीम मोजा. चार-पाच असतील तर साठ ठीक, त्या आपसात भाव वर नेतील. दोनच असतील तर पंचाहत्तरपर्यंत जा, कारण त्यांतल्या एकानं त्या दिवशी फोन बघितला नाही तर दुसऱ्याला खेळाडू बेस प्राइसलाच मिळणार. बोलीदार कमी तेवढी बेस प्राइस महत्त्वाची, हे मला फार उशिरा कळलं. त्या गोलकीपरची गरज तेव्हा दोनच टीमना होती.

पाचपेक्षा कमी सौदे सापडले तर वयाची मर्यादा अजून एका वर्षानं सैल करा, रेटिंगची करू नका. तरीही जमलं नाही तर बेस प्राइस अंदाजानं थोडी कमीच ठेवा आणि लिलाव चोवीसऐवजी अठ्ठेचाळीस तास चालवा.

लिलाव रात्री नऊ-दहाच्या दरम्यान संपवा. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असेल तो दिवस टाळा. शेवटच्या तीन मिनिटांत बोली आली तर वेळ तीन मिनिटांनी वाढवा. त्याशिवाय काटाकिर्र लिलाव होतच नाही, जो शेवटच्या सेकंदाला बटण दाबतो तो जिंकतो.

हिशोबाचा तक्ता लिलावाआधी ग्रुपवर टाका, सौद्यांसकट. कुणी चूक दाखवली तर बोली सुरू होण्याआधीच दुरुस्त करा, नंतर एक पैसाही हलवू नका.

विकला गेला नाही तर पुढच्या फेरीला वीस टक्के उतरा. ११ लाखांचा ८ लाख ८० हजार, मग ७ लाख ४ हजार. परत लावताना किंमत कधीही चढवायची नाही, कुणी कितीही मागं लागलं तरी. तीन फेऱ्या झाल्या की त्याला यादीतून काढा आणि पुढच्या विंडोला (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या मुदतीत) नव्या सौद्यांवरून हिशोब पुन्हा मांडा.